मागून ऐकलेला ग्रीन डे

लोलापलूझा इंडिया संगीत महोत्सव, महालक्ष्मी रेसकोर्स, मुंबई. रविवार, 9 मार्च 2025. मी आणि माझी मुलगी मनू, ग्रीन डे हा अमेरिकन रॉक बँड ऐकायला, बडोद्याहून.

त्या संध्याकाळी आम्ही तीन जागांवर उभे राहिलो. पहिली स्टेजसमोरच्या बॅरिकेडपासून हाताच्या अंतरावर, दुसरी साऊंडच्या कन्सोलमागे, म्हणजे आवाज जिथून कमी-जास्त करतात त्या टेबलामागे, आणि तिसरी अगदी शेवटी, जिथे लोक गवतावर चपला काढून बसले होते. सगळ्यात उत्तम जागा कन्सोलच्या मागे दहा पावलांवर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही, ते मी शेवटच्या जागेवर उभं राहून ठरवलं. पुढे उभा असलेला माणूस बँडला बघूनच निम्मा खूश असतो. मागच्या माणसापर्यंत गाणं पोचवायचं तर कुणीतरी महिनाभर आधी मैदानाचा नकाशा पुढ्यात घेऊन बसलेलं असावं लागतं.

हे मी बोलतो कारण आमचा धंदाच हा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात वडिलांपासून मंडप आणि साऊंडचं काम चालतं. गणपती, लग्नं, मुंजी, नाट्यसंगीताच्या मैफली, आणि नवरात्रात सोसायट्यांचे गरबे. एका मोठ्या गरबा मैदानावर चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली केबलही ओढल्या आहेत. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी स्पीकरवर आणि मग गेटवर जाते.

मनू एम. एस. युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रीन डे तिला शाळेपासून पाठ. जानेवारीत कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड अहमदाबादला आला तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिकडे गेली होती. स्टेडियमची क्षमताच 1,32,000, बडोद्याहून दोन तासांचा रस्ता, तरी आम्हाला तिकीट मिळालं नाही. मग ही म्हणाली, ‘‘बाबा, ग्रीन डे भारतात पहिल्यांदाच येताहेत. ह्या वेळी तुम्ही पण चला, नुसतं सोडायला नाही, ऐकायला.’’ दोघांच्या तिकिटांना एका लहान लग्नाच्या साऊंडचं दिवसाचं भाडं गेलं. गेलं ते बरं झालं.

रात्रीच्या गाडीने निघालो. बायकोने थेपले आणि कोरडी लसणीची चटणी बांधून दिली होती, ती दादरला उतरून बाकड्यावर बसून संपवली. स्टेशनजवळच्या एका लॉजने तोंड धुण्यापुरत्या खोलीचे पूर्ण दिवसाचे पैसे घेतले आणि टॉवेलचे वेगळे लावले. त्याबद्दल इतकंच पुरे.

दुपारी तीनला आत शिरलो. मुद्दाम लवकर गेलो होतो, कारण मैदान रिकामं असतानाच मोजता येतं. रेसकोर्सची जमीन सपाट, वर मोकळं आभाळ आणि हाजी अलीच्या बाजूने येणारा खारा वारा. मनू टी-शर्टच्या रांगेत उभी राहिली आणि मी पावलं मोजली. स्टेजसमोरच्या बॅरिकेडपासून कन्सोलपर्यंत साठ पावलं, आडवी रुंदी ऐंशी. माझं पाऊल अडीच फुटांचं. म्हणजे दीडशे फूट बाय दोनशे फूट, तीस हजार चौरस फूट. मंडपवाल्याला हा हिशोब बोटांवर येतो. तेवढा आकडा तिकिटाच्या पाठीवर लिहून ठेवला.

बडोद्याला परतल्यावर पहिल्या दिवसापासून प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, ‘‘पब्लिक किती होतं?’’ गाणं कसं होतं, हे फार थोड्यांनी विचारलं. आमच्या गावाला आकड्याची सवयच आहे. तीस हजार खेलैया, म्हणजे गरबा खेळणारे, एका मैदानात, हे बडोद्याच्या नवरात्रात कुणाला नवल वाटण्यासारखं नाही. म्हणून आकड्यांबद्दल थोडं लिहितो, कारण रॉकच्या मैफलींचे आकडे सगळ्यात जास्त फुगलेले असतात.

वुडस्टॉकचा रॉक महोत्सव घ्या. ऑगस्ट 1969, न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळ मॅक्स यास्गर यांचं दुभत्या गाईंचं शेत. आयोजकांनी सरकारदरबारी पन्नास हजारांचा अंदाज दिला होता आणि माणसं आली चार लाखांवर. कुंपणं आडवी झाली, कार्यक्रम फुकटात निघाला. आपले पंडित रविशंकर पहिल्याच रात्री, 15 ऑगस्टला, पावसात वाजवून गेले. सगळ्यात मोठं नाव गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांचं, ते शेवटी होते. पण कार्यक्रम लांबत लांबत गेला आणि ते स्टेजवर आले तेव्हा सोमवारची सकाळ उजाडली होती. चार लाखांतले बहुतेक घरी निघून गेले होते, समोर थोडेच उरले होते. आज सगळे चार लाखच सांगतात. हेंड्रिक्स कितीजणांनी ऐकले, हा आकडा कुणी सांगत नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्याच वॉटकिन्स ग्लेनच्या मैफलीचंही तेच. 28 जुलै 1973 ला तिथे सहाएक लाख लोक होते असं म्हणतात, आणि तिकिटं विकली होती दीड लाख. तीनच बँड: ग्रेटफुल डेड, ऑलमन ब्रदर्स आणि द बँड. मॉस्कोच्या तुशिनो विमानतळावर 28 सप्टेंबर 1991 ला मेटालिका आणि एसी/डीसी वाजवून गेले. तिथले अंदाज पाच लाखांपासून सोळा लाखांपर्यंत पसरलेले आहेत. इतका फरक असेल तर तो आकडा कुणी मोजलेलाच नाही. रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर 31 डिसेंबर 1994 ला रॉड स्ट्युअर्ट यांच्यासमोर पस्तीस लाख होते म्हणतात. पण ती नवीन वर्षाची रात्र होती, आतषबाजी बघायला आलेला सगळा किनारा त्यात धरला आहे.

मोजायची साधी रीत आहे आणि ती कुणालाही जमेल. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते. त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभा व्हायच्या. चौकाच्या फरसबंदीत चौकोन आखलेले होते. त्यांनी एकेका चौकोनात किती मुलं उभी आहेत ते मोजलं आणि गणित बसवलं. सैल गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि ठासून भरलेल्या गर्दीत अडीच. जागा माहीत असली की भागाकार करायचा.

रात्री ग्रीन डे यायच्या आधी मी दोन खांबांच्या अंदाजाने दहा बाय दहा फुटांचा तुकडा डोळ्यांनी आखला आणि डोकी मोजली. चौतीस. म्हणजे माणशी तीन फूट. कन्सोलच्या अलीकडे थोडं सैल, साडेचारच्या आसपास. दुपारचे तीस हजार फूट निम्मे-निम्मे धरून भागाकार केला: आठ हजारांच्या वर, साडेआठच्या आत. मनूला वाटत होतं तेवढ्यातच पन्नास हजार असतील. आत उभ्या माणसाला नेहमी असंच वाटतं, चहूबाजूंनी खांदेच दिसतात. कन्सोलच्या मागे गवतावर मात्र खूप मोठं मैदान होतं आणि तिथे लोक हातपाय पसरून होते. तिथला हिशोब मी केला नाही, कारण माणसं खाण्याच्या दुकानांकडे आणि दुसऱ्या स्टेजांकडे सारखी ये-जा करत होती.

आता आमचा गरबा ह्या हिशोबात बसवून बघा. टाळी द्यायला, फिरायला, चणियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर उडायला एका खेलैयाला निदान अठरा फूट लागतात. तीस हजार खेलैयांना बारा एकरांच्या वर जमीन लागते. गायक मधोमध, माणसं गोल, सगळी एका दिशेने चालती. त्या गर्दीत रेटा तयार होत नाही, कारण कुणालाच पुढे जायचं नसतं. रॉकच्या मैदानात सगळ्यांची तोंडं एकीकडे आणि प्रत्येकाला दोन पावलं पुढे सरकायचं असतं. माणसं तितकीच असली तरी हे दोन अगदी वेगळे जीव आहेत. गरब्याचा अनुभव आहे म्हणून रॉकची गर्दी सांभाळू, असं आमच्याकडे कुणी म्हणालं तर मी त्याला थांबवीन.

माणशी दोन फुटांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. मग माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी पाण्यासारखी हलते आणि तो तिच्याबरोबर जातो. 30 जून 2000 ला डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना पुढच्या रेट्यात नऊ जण गेले. 1988 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या डॉनिंग्टनला गन्स अँड रोझेसच्या वेळी दोघं. ऐकायला आलेली मुलं होती ती.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मनू सहा वर्षांची होती तेव्हा आम्ही एका मैदानावर नवरात्राच्या आठव्या रात्री गेलो होतो. मैदानाचं नाव घेत नाही. आत सगळं मोकळं होतं. सुटायच्या वेळी बाहेर जायला एकच गेट आणि त्याच्या तोंडाशी कुणीतरी जनरेटरची गाडी लावलेली. मागून माणसं येत राहिली. माझ्या पायातला एक जोडा कधी गेला कळलं नाही, मग पायच जमिनीला लागेनात. मी मनूला डोक्यावर धरलं होतं. शेजारच्या भिंतीवर एक बाई बसल्या होत्या, त्यांनी वाकून तिला वर ओढून घेतलं. मिनिटभरात बाहेर पडलो असेन. मनूच्या एका पायातला पैंजण गेला होता. दुसरा तिच्या आईने अजून कपाटात ठेवला आहे, वितभर कापसात गुंडाळलेला, कडीपाशी थोडा वाकलेला.

तेव्हापासून कुठल्याही मैदानात शिरलो की आधी बाहेर पडायच्या वाटा बघतो. महालक्ष्मीला बघितल्या. रुंद होत्या आणि त्यांच्यासमोर गाड्या नव्हत्या. पुढच्या गर्दीच्या मधूनही कार्यकर्त्यांना जायला मोकळी पट्टी ठेवलेली होती. ग्रीन डे सुरू झाल्यावर तिथून एका घाबरलेल्या मुलीला दोघांनी उचलून बाहेर काढलं, तोंडावर पाणी मारलं, बसवलं. दोन गाण्यांनंतर ती बसल्या जागी टाळ्या वाजवत होती. ही पट्टी नसती तर ती मुलगी तीन फुटांच्या त्या तुकड्यात तशीच उभी राहिली असती.

आता साऊंड. बॅरिकेडजवळ बेस पोटात बसतो. ड्रमची किक छातीच्या पिंजऱ्यावर वाजते आणि गाण्याचे शब्द बुडतात. तिथे बोळे कानात घातल्याशिवाय उभं राहू नका. मी फोमचे दोन जोड घरून नेले होते. मनूने आधी नको म्हटलं, तिसऱ्या गाण्याला स्वतःच मागून घेतले. कन्सोलपाशी आलो आणि सगळं जागेवर बसलं. तीनच मुख्य माणसं: बिली जो आर्मस्ट्राँग यांची गिटार आणि गळा, माइक डर्न्ट यांचा बेस, ट्रे कूल यांचे ड्रम. तीन माणसांचं साऊंड करणं सोपं वाटतं पण ते कठीण असतं, लपायला जागाच नसते. बेस गिटारची प्रत्येक तार सुटी ऐकू येत होती आणि तरी ड्रमच्या खाली चिकटून होती. मी कितीतरी वेळ स्टेजकडे पाठ करून मिक्सिंग करणाऱ्याच्या बोटांकडे बघत राहिलो. गिटार चढायच्या क्षणभर आधी त्याचं बोट फेडरवर, म्हणजे आवाज चढवायच्या सरकत्या बटणावर, असायचं.

मग आम्ही मागे गेलो. माझ्या धंद्यात एक ठोकताळा आहे: आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तीनशे फुटांवर उभं राहिलं तर स्टेजवरचा आवाज पाव सेकंद उशिरा येतो. पडद्यावर काठी ड्रमवर आधी पडते आणि ठोका मागून येतो. त्यात मागच्या माणसांसाठी वेगळे स्पीकर लावले आणि ते तसेच चालू ठेवले, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून त्या स्पीकरना तेवढाच उशीर लावावा लागतो, आम्ही त्याला डिले देणं म्हणतो. वुडस्टॉकला तिथले साऊंडवाले बिल हॅन्ली यांनी उंच मनोऱ्यांवर स्पीकर चढवून टेकडीपर्यंत आवाज नेला. चार वर्षांनी वॉटकिन्स ग्लेनला मागच्या मनोऱ्यांना डिजिटल डिले लावला गेला, ते यंत्र तेव्हा अगदी नवं होतं. सहा लाखांच्या आकड्यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

महालक्ष्मीला मागच्या गवतावर मी डोळे मिटून उभा राहिलो. शब्द एकदाच आला, स्वच्छ. वाऱ्याची झुळूक आली की झांजांचा वरचा किणकिणाट थोडा पातळ व्हायचा आणि परत यायचा. वाऱ्याला कुणी बांधू शकत नाही. माझ्या शेजारी एक आजी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, नातवाला पुढे पाठवून दिलं होतं. त्यांचं पाऊल ठोक्यावर अचूक पडत होतं. मागच्या साऊंडची ह्याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

ग्रीन डेबद्दल मी मनूइतकं बोलू शकत नाही, पण एक गोष्ट मला तिनेच गाडीत सांगितली आणि ती रात्रभर डोक्यात होती. 1994 च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकची पंचविशी साजरी झाली, सॉगर्टीज गावी, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं. पावसाने नुसता चिखल. ग्रीन डे वाजवायला लागले आणि लोकांनी चिखलाचे गोळे फेकायला सुरुवात केली, बँडनेही उलट फेकले. लोक स्टेजवर चढले आणि त्या गोंधळात सुरक्षारक्षकाने माइक डर्न्ट यांनाच घुसलेला माणूस समजून पाडलं. त्यांच्या दातांना इजा झाली. त्याच बेसवाल्याला मी तीसहून जास्त वर्षांनी कोरड्या मैदानावर, त्याच तीन माणसांत, इतकं शांतपणे वाजवताना बघत होतो. पन्नाशी ओलांडलेली माणसं. उड्या कमी झालेल्या नाहीत.

त्या रात्री दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती. मागच्या गवतावर प्रत्येक चौथ्या मोबाइलवर स्कोअर चालू होता. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो पूर्णवेळ मोबाइल डोक्यावर धरणाऱ्यांचा. एका उंच मुलाने आख्खं गाणं मनूच्या डोळ्यांसमोर पडदा धरला. मी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘‘बेटा, एक गाणं तुझं, एक हिचं.’’ त्याने लगेच खाली घेतला. सांगितलं की ऐकतात मुलं, सांगायला हवं.

दहाला सगळं बंद. लाऊडस्पीकरचा हा नियम 2000 सालापासून देशभर आहे. आमच्याकडे नवरात्रात सरकार बारापर्यंत सूट देतं, म्हणून मुंबईला ही शिस्त मला जरा चटकाच लावून गेली. पण त्यामुळे परतीची गाडी मिळते. बडोद्याहून जाणाऱ्यांनी रात्री अकरानंतरची गाडी घ्यावी. रेसकोर्सहून महालक्ष्मी स्टेशन चालत जाता येतं. शेवटच्या दोन गाण्यांत निघू नका, काही वाचत नाही. पायात बूट घाला, चपला नकोत.

बाहेर पडताना मी मनूचा हात धरला. एकोणीस वर्षांची मुलगी आहे, तिने सोडवून घेतला नाही. गेटपाशी गर्दी आली, जरा संथ झाली, आणि सरकत राहिली. पाय पूर्ण वेळ जमिनीवर होते. स्टेशनच्या पुलावर लोक मोठ्याने गात चालले होते, खाली धोबीघाटावर अंधारात पांढरे कपडे वाळत होते. मनू म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही आज गेट किती फुटांचं होतं ते मोजलं नाहीत.’’

मोजलं होतं. जाताना सोळा पावलं. तिकिटाच्या पाठीवर लिहिलेलं आहे, आणि ते तिकीट आता दुकानात, यंदाच्या नवरात्राच्या बुकिंगच्या वहीत ठेवलं आहे.